केसांची वगळलेली नोंद

तीस वर्षं मी छापायच्या आधीचा मजकूर तपासत आलो. लग्नपत्रिकेतला 'आशिर्वाद' दीर्घ करायचा, दिवाळी अंकातली कवीची वेलांटी सुधारायची आणि कवीकडून शिव्या खायच्या, हा माझा धंदा. अशा माणसाला लोकांच्या लैंगिक आवडींची यादी करायला कुणी बोलावेल असं मला वाटलं नव्हतं. पण अंबरनाथला मानसिक सल्ल्याचं केंद्र चालवणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी बोलावलं. त्यांच्या केंद्रात दुपारी तीन तास फोन चालू असतो. कुणीही नाव न सांगता बोलावं. नवराबायकोची भांडणं, परीक्षेची भीती, दारू, असं सगळं येतं. आणि अधूनमधून एखादा माणूस बराच वेळ हवापाण्याचं बोलून मग हळूच म्हणतो, मला एक विचित्र गोष्ट आवडते.

फोनवर बसणारे सगळे हौशी स्वयंसेवक. त्यांतल्या एका निवृत्त बाईंनी अशाच एका माणसाला फोनवर "अगं बाई" म्हटलं होतं आणि त्याने फोन आपटला होता. तेव्हा डॉक्टरबाईंनी ठरवलं की हाताशी एक संदर्भयादी हवी, आणि ती मराठीत हवी. प्रत्येक आवडीची एक नोंद. तिला काय म्हणतात, ती असणं म्हणजे काय, त्यात काळजीचं काही आहे का, समोरच्याला काय सांगायचं. यादी मोठी नको, तर नेमकं काय घ्यायचं आणि काय गाळायचं, हे ठरवायला दर शनिवारी सकाळी आम्ही तिघं बसायचो. डॉक्टरबाई, मी आणि सिस्टर.

सिस्टर म्हणजे उल्हासनगर चार नंबर कॅम्पात राहणारी निवृत्त परिचारिका. सिंधी. पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेली, त्यामुळे माणसाच्या शरीराबद्दल तिला ना कुतूहल ना किळस. मला ती साईं म्हणायची. फोनवर सगळ्यांत जास्त तीच बसायची.

डॉक्टरबाईंनी पुस्तकांतून आणि फोनच्या वहीतून चिठ्ठ्या काढून आणल्या होत्या. एक ढीग आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला काढला. चोरून बघणं, गर्दीत हात लावणं, लहान मुलांच्या वाटेला जाणं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सर, याला आवड म्हणायचंच नाही. हा गुन्हा. याचं पान वेगळं, कागदाचा रंगही वेगळा." त्यावर कुणाचंच दुमत नव्हतं. वाद व्हायचा तो उरलेल्यांवर. बायकोने रेनकोट घातला तरच ज्याचं मन चाळवतं तो माणूस, घरात कुणी नसताना साडी नेसून निवांत चहा पिणारा अधिकारी, नवऱ्याने रागावून ओरडावं म्हणून मुद्दाम डाळ करपवणारी बाई. दोघं सज्ञान, दोघांची हो, कुणाचं काही वाकडं होत नाही, असं असेल तर यादीत, हा डॉक्टरबाईंचा नियम. सिस्टरचा नियम सोपा होता. ज्याची लाज वाटून माणूस रडतो ते यादीत.

मी सुरुवातीला फार रुबाब केला. कच्च्या खर्ड्यावर 'लैंगिक विकृती' असं शीर्षक होतं, ते मी लाल पेनाने उडवलं आणि माझ्या मोठ्या मनाचं मलाच कौतुक वाटलं. त्याजागी 'वेगळ्या आवडी' असं लिहिलं. मग प्रत्येक आवडीला संस्कृत नाव पाडायला घेतलं. पादासक्ती, रबरासक्ती, भर्त्सनासक्ती. सिस्टरने कागद वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"साईं, ये फोन पे कौन बोलेगा? मॅडम, मला भर्त्सनासक्ती आहे, असं कोण बोलतो?"

डॉक्टरबाई हसल्या, आणि मग ठरलं की नावाखाली लोक स्वतः वापरतात ते शब्दही द्यायचे.

चौथ्या का पाचव्या शनिवारी केसांची चिठ्ठी आली. कुणाला बाईच्या लांब केसांचीच ओढ असते. ते बघणं, विंचरणं, हातात घेणं. डॉक्टरबाईंनी वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "फोनच्या वहीत मात्र असं कुणी सापडलं नाही."

मी लगेच बोललो. इतका लगेच, की आता आठवलं तरी कान तापतात. "मग कशाला घ्यायचं? आपल्याकडे केसांचं कौतुक कुणाला नाही? गजरा, वेणी, शिकेकाई, सगळ्या गाण्यांत तेच. उद्या तुम्ही पुरणपोळी आवडण्याचीही नोंद कराल. आपल्या समाजात याला वेगळी आवड म्हणताच येणार नाही." मुद्दा बिनतोड होता. डॉक्टरबाईंनी मान डोलावली. मी त्या चिठ्ठीवर लाल पेनाने वगळण्याची खूण केली. ती खूण मी आयुष्यात हजारो वेळा केली असेल, पण त्या दिवशी हात जरा जोरात फिरला आणि कागद फाटला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. मला पुरणपोळी आवडते तसे केस आवडत नाहीत. डॉक्टरबाईंनी जे वाचून दाखवलं, ते मी आहे.

माझं लग्न झालं तेव्हा बायकोची वेणी कमरेखाली यायची. रविवारी न्हाऊन ती केस मोकळे सोडून गॅलरीत बसायची आणि मी आत पेपर उघडून बसायचो. पेपरची एकही ओळ मी वाचलेली नाही. कंगव्याचा आवाज थांबला की माझा श्वास सुटायचा. तिला हे कधी कळलं नाही, कारण कळू नये म्हणून मी जिवाचं रान केलं. सात वर्षांपूर्वी आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात घर घेतलं. इमारतीला बोअरचं पाणी. त्या पाण्याने तिचे केस मूठमूठ गळायला लागले आणि एका दुपारी ती पार्लरमधून खांद्याच्या वर केस कापूनच आली. चांगली दिसत होती. हलकं वाटतंय म्हणाली. मी महिनाभर तिच्याशी धड बोललो नाही. तिने सगळीकडे सांगितलं की आमच्या ह्यांना बाईने केस कापलेले चालत नाहीत, जुन्या वळणाचे आहेत. मी ते ऐकून गप्प बसलो. तिच्या बहिणीने माझी चेष्टा केली, तेव्हाही गप्प बसलो. जुन्या वळणाचा माणूस लोकांना समजतो. त्याला नावं ठेवतात आणि जेवायला वाढतात.

यादी छापून झाली. चाळीस नोंदी, स्पायरल बाइंडिंग, फोनशेजारी दोरीने बांधलेली. दोन महिन्यांनी मी दुसऱ्या आवृत्तीच्या दुरुस्त्या घेऊन केंद्रात गेलो, तेव्हा डॉक्टरबाई प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होत्या. सिस्टर दोन स्वयंसेवकांना हसून हसून एका फोनची गोष्ट सांगत होती.

"तो बोलला, मॅडम, केसवरून बायको माहेरी गेली. मी विचारलं, केस तुम्ही टाकली का तिने? तो बोलला, तिचेच हायेत. मी बोलली, अच्छा, टोटल किती केस आहेत? बराच वेळ गप्प. मग बोलतो, डबीभर."

सगळे हसले. "मैं तो समझी कोर्ट की केस," सिस्टर म्हणाली, "आणि हा बालांचं बोलत होता. माझ्या तोंडातून हसू निघालं, त्याने फोन ठेवला." तिचा चेहरा उतरला होता. ती हसत होती ती स्वतःच्या चुकीला, हे मला दिसत होतं.

डबीभर हा शब्द ऐकताक्षणी मला सगळं समजलं. त्या खोलीत समजलेला मी एकटाच होतो. आणि मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने हसलो आणि वर म्हणालो, "बिचाऱ्याला टक्कल पडत असेल, त्वचेच्या डॉक्टरचा नंबर द्यायचा."

पुढच्या बुधवारी सिस्टरचा फोन आला. "साईं, जरा येता का? तो डबीवाला परत आला होता."

मी गेलो. तिने वहीत लिहून घेतलं होतं ते वाचून दाखवलं. माणूस बदलापूरजवळच्या सोनिवलीचा. घरची शेती, तिच्यातली थोडी बिल्डरला गेलेली, हा विटा-रेती पुरवण्याचं काम करतो. वर्षापूर्वी लग्न झालं. बायकोचे केस लांब. ते विंचरायला त्याला आवडतं, ती विंचरू देते, पण तिला वाटतं नवरा लाड करतो. कंगव्याला आलेले केस त्याला टाकवत नाहीत. ते तो क्रीमच्या रिकाम्या डबीत ठेवायचा. डबी कपाटात बायकोला सापडली. तिने आईला सांगितलं, आणि आई त्याच दिवशी मुलीला घेऊन गेली. बाईचे केस लपवून कोण ठेवतो? करणी करणारा. त्यांनी भगत बोलावला होता. रविवारी अकरा वाजता दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसणार होती.

"त्याने काय विचारलं माहीत आहे?" सिस्टर म्हणाली. "बोलला, मॅडम, मी करणी केली असाच सांगू का? माफी मागून सुटंन. करणी लोकांना समजते तरी. ह्या सांगितला तं कोनाला काय समजल?"

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला.

"मी त्याला बोलली, थांब, आमच्याकडे यादी आहे. अ पासून ज्ञ पर्यंत बघितली साईं, दोन वेळा. नाही. मी त्याला खरं सांगितलं, यादीत नाही. तो बोलला, चाळीस जनांची यादी हाय म्हनता, न् त्यात पन मी नाय?"

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. "डॉक्टरसाबना फोन केला. त्या बोलल्या, केसांची चिठ्ठी होती, सरांनी काढली. आप ही ने निकाला था ना? त्या बोलल्या, सरांकडून नोंद लिहून घ्या, मी वाचते. तो शुक्रवारी तीन वाजता फोन करणार आहे."

मी तिथेच टेबलावर बसून लिहायला घेतलं. पहिल्या ओळीला 'केशासक्ती' लिहिलं आणि खोडलं. मग जे सुचेल ते लिहीत गेलो. काही माणसांना बाईच्या केसांची ओढ असते. ती करणी नव्हे आणि आजारही नव्हे. केस दिसले की अशा माणसाला दुसरं काही सुचत नाही, आणि आपण बघतोय हे कुणाला दिसेल म्हणून तो दुसरीकडे बघण्याचं सोंग करतो. गळलेला केस उचलताना चोरी केल्यासारखं वाटतं. यात कुणाचं नुकसान नाही, मात्र बायकोच्या नकळत केस ठेवू नयेत, तिला विचारावं. इतर नोंदी लिहायला मला दोन-दोन दिवस लागले होते. ही अर्ध्या तासात झाली. त्यात एकही शब्द मला शोधावा लागला नाही.

सिस्टरने वाचलं. पुन्हा वाचलं. "साईं, बाकी सगळ्या नोंदी किताबातल्या वाटतात," ती म्हणाली. "ही नाही वाटत."

आयुष्यभर दुसऱ्याच्या मजकुरातल्या चुका पकडल्या, आणि माझा मजकूर मात्र जिला मराठी लिहिताही धड येत नाही तिने पकडला. "मला आहे ते," मी म्हटलं. एवढं तीन शब्दांचं वाक्य, पण लग्नापासून अडलेलं. सिस्टर "अच्छा" म्हणाली आणि माझा गार झालेला चहा ओतून दुसरा आणायला गेली.

शुक्रवारी तीनला मी तिच्यासमोर बसलो होतो. नियमात बसत नव्हतं, पण त्या माणसाला मी असल्याचं सांगायचं आणि त्याची हरकत नसेल तरच बसायचं, असं डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं होतं. फोन वाजला. सिस्टरने त्याला विचारलं, त्याची हरकत नव्हती. मलाही ऐकू यावं असा फोन धरून तिने नोंद सावकाश वाचून दाखवली. तिचे 'ळ' सगळे 'ल' होत होते. पलीकडून बराच वेळ नुसता ट्रकचा आवाज येत होता.

"ह्या कोनी लिवला?" त्याने विचारलं.

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो म्हणून. "ज्याला हेच आहे त्या माणसाने. समोर बसलेत ते सर."

"मराठी मानूस हाय?"

"हां. बदलापूरचाच आहे."

परत ट्रक. मग तो म्हणाला, "त्यांचे बायकोला म्हायती हाय?"

मी मान हलवली, नाही म्हणून. सिस्टरने तसंच सांगितलं.

"लग्नाला किती वर्सं झाली त्यांचे?"

मी बोटांनी दोन दाखवले, मग सहा.

"सव्वीस वर्सांत त्यांना जमला नाय," तो म्हणाला, "तं मना रविवारपरत कसा जमंल?" आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता. मी समोरच्या कागदावर लिहिलं, मी उद्या बायकोला सांगतो, आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिने ते त्याला वाचून दाखवलं. तो बरं म्हणाला.

शनिवारी दुपारी बायको जेवणाच्या टेबलावर मुलांच्या चाचणीचे पेपर तपासत बसली होती. ती शाळेत शिकवते. मी समोर बसलो आणि सांगितलं. गॅलरी, पेपर, कंगवा, लाल पेन, सोनिवलीचा माणूस, सगळं. सांगताना मी टेबलाकडे बघत होतो. ती हसेल अशी मला भीती होती, आणि ती हसली तर बरं होईल असंही वाटत होतं.

ती हसली नाही. पेनाला टोपण लावलं. "म्हणजे मी केस कापून आले तेव्हा तुम्ही जुन्या वळणाचे म्हणून रुसला नव्हता."

"नाही."

"आणि मी शाळेत, माहेरी, सगळ्यांना तेच सांगत फिरले. तुम्ही सांगू दिलंत."

तिला वाईट वाटलं होतं, पण ते तेवढ्यापुरतं असेल असं मला वाटलं. तिने दोन पेपर उचलून गठ्ठ्यात नीट लावले.

"मला अर्धशिशी आहे," ती म्हणाली. मला माहीत असलेलीच गोष्ट, पण तिने परक्या माणसाला सांगावी तशी सांगितली. "लग्न झाल्यापासून दर आठवड्याला तुम्ही माझ्या डोक्याला तेल चोळून द्यायचात. न सांगता उठायचात, बाटली घेऊन यायचात. माझ्या मैत्रिणींना हेवा वाटायचा. केस कापले आणि ते बंद झालं. मी म्हटलं, रुसलेत, होईल हळूहळू." ती थांबली. "सात वर्षं माझं डोकं दुखलं नाही, असं वाटलं तुम्हाला?"

मला काय वाटलं होतं ते मी खरंच आठवून पाहिलं. मला काहीच वाटलं नव्हतं. सात वर्षांत तिचं डोकं दुखत असेल हा विचार माझ्या मनात आला नव्हता. ती कपाळाला ओढणी घट्ट बांधून अंधाऱ्या खोलीत पडलेली मी पाहिली होती आणि दार लोटून घेतलं होतं, तिला आराम मिळावा म्हणून. लाज मला आयुष्यभर वाटत आली, पण ती चुकीच्या गोष्टीची वाटत आली. तिने टोपण काढलं आणि पुढचा पेपर घेतला.

सोमवारी तिसऱ्या प्रहरी मी केंद्रात गेलो. नोंद आता एकेचाळिसावी म्हणून जोडायची होती. मी पोचलो तेव्हा सिस्टर फोनवरच होती आणि मला बघून तिने बसायची खूण केली. त्याचाच फोन होता. त्याने करणीचं नाव काढलं नव्हतं. बैठकीत सगळ्यांसमोर बोलायचं धाडस झालं नाही, पण आधी बायकोला पडवीत एकटीला गाठून त्याने सगळं सांगितलं होतं. भगताला तिनेच परत पाठवलं. अजून माहेरीच आहे, येईन म्हणाली आहे, कधी ते सांगितलेलं नाही.

"तिने एकच विचारला," तो सिस्टरला सांगत होता. सिस्टरने मला ऐकू यावं म्हणून फोन जरा लांब धरला होता. "बोलली, उद्या आजारपनात माझं केस गेलं तं? माझ्याकं बघशील का? मी बोललो, बघीन. लगेच बोललो. बरोबर बोललो ना मॅडम? त्या सरांना विचारा जरा, त्यांनी तं सांगितला असंल ना बायकोला. त्यांना समजल."

सिस्टरने फोनवर हात ठेवला. माझ्या घरी शनिवारी काय झालं ते तिला माहीत नव्हतं. सगळं नीट झालं असणार असं धरून ती माझ्याकडे कौतुकाने बघत होती.

"सांगा त्याला," मी म्हटलं, "बरोबर बोललास म्हणावं."

तिने सांगितलं. पलीकडून तो मोठ्याने हसल्याचं मला ऐकू आलं. पुढे सिस्टरने मला विचारलं, घरी काय म्हणाल्या मॅडम? मी म्हटलं, काही नाही, समजून घेतलं तिने.